जुना जीएसएम मॉडेम ‘लिनक्सवर चालत नाही’ म्हणून टाकून द्यावा का?

भुईकोट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरशेजारच्या खोलीत एक जुना जीएसएम मॉडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारे यंत्र, बसवलेला आहे. मागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट, बाजूला सिमकार्डचा कप्पा आणि भिंतीवर चिकटवलेली अँटेना, एवढाच त्याचा पसारा. रात्रपाळीत वीज गेली किंवा बॉयलरमधील पाण्याची पातळी उतरली की संगणक या मॉडेमकरवी कारखानदारांना आणि फिटरला एसएमएस पाठवतो. जुना संगणक बंद पडल्यावर नव्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली गेली, नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसल्याने यूएसबी कन्व्हर्टर आणला गेला आणि एसएमएस जाणे थांबले. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने ‘लिनक्समध्ये या मॉडेमचा ड्रायव्हर नाही, नवा घ्या’ असे सांगून विषय संपवला. माझे म्हणणे असे आहे की हे निदान नव्हे, आणि असल्या निदानावर चालती वस्तू भंगारात घालणे चुकीचे आहे.

मुळात अशा मॉडेमला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र हाताळायला शिकवणारा प्रोग्रॅम, लागतच नाही. सिरियल तारेवरून ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा त्याला पाठवायच्या आणि त्याने ‘ओके’ किंवा ‘एरर’ असे उत्तर द्यायचे, ही पद्धत हेझ कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमॉडेमपासून चालत आली आहे. नेटवर्कशी बोलण्याचे सारे काम मॉडेमच्या आतली चिप करते. लिनक्सला ओळख पटवायची असते ती फक्त मधल्या यूएसबी कन्व्हर्टरची. आमच्याकडील कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० ही चिप आहे आणि तिचा ‘सीएच३४१’ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो.

मग बिघडले काय? कन्व्हर्टर जोडून टर्मिनलवर कर्नलच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा कन्व्हर्टर ओळखला जाऊन ‘टीटीवाययूएसबी०’ हे पोर्ट तयार होताना दिसले आणि लगेच पुढच्या ओळींत ‘बीआरएलटीटीवाय’ नावाच्या सेवेने त्याचा ताबा घेतल्याची व पोर्ट नाहीसे झाल्याची नोंद होती. ही सेवा ब्रेल यंत्रे चालवण्यासाठी उबुंटूसोबत आधीच बसवलेली असते. सीएच३४०चा १ए८६:७५२३ हा ओळख क्रमांक एका ब्रेल यंत्राचाही असल्यामुळे तिने आमचा कन्व्हर्टर ब्रेल यंत्र समजून उचलला होता. त्या संगणकावर कोणी ब्रेल वापरत नसल्याने ते पॅकेज काढले आणि पोर्ट टिकून राहिले. तरीही ‘परवानगी नाही’ असा संदेश येत होता, कारण संदेश पाठवणारा प्रोग्रॅम ज्या वापरकर्त्याच्या नावे चालतो, तो ‘डायलआउट’ या गटात नव्हता. त्याला गटात घालून पुन्हा लॉगिन केल्यावर मिनीकॉम या सिरियल पोर्टशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘एटी’ लिहिताच ‘ओके’ आले.

एवढ्यावरही काम झाले नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यापुढची अडचण. मॉडेम आज्ञांना उत्तर देई, पण एसएमएस पाठवायला लागताच बंद होऊन पुन्हा चालू होई. जीएसएम मॉड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी काही काळ सुमारे दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. मूळ अॅडॉप्टर कधीतरी हरवला होता आणि त्याच्या जागी कोणीतरी साधा, कमी क्षमतेचा अॅडॉप्टर लावून ठेवला होता. तो बदलला, आणि एसएमएस जाऊ लागले. ही अडचण कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रणालीवर आलीच असती. माझा आग्रह इतकाच आहे की तार, कन्व्हर्टर, पोर्ट, परवानगी, वीज आणि सिम या कड्या एकेक करून तपासल्याशिवाय ‘ड्रायव्हर नाही’ हे वाक्य कोणी उच्चारू नये.

सात रस्ता

मी या शहरात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करतो आणि त्या तंत्रज्ञाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. तुम्ही केलेला शोध अचूक आहे, पण तो करण्यासाठी लागलेल्या वेळाचे पैसे कोणता कारखानदार देतो? ग्राहक भेटीचे शुल्क देतो, आणि तेही घासाघीस करून. शिवाय बॉयलरची सूचना ही जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे. तिथे जुना मॉडेम, वेगळा कन्व्हर्टर, हाताने बदललेली प्रणाली आणि बाजारातून आणलेला अॅडॉप्टर अशी जुळवाजुळव ठेवणे मला धोक्याचे वाटते. उद्या प्रणाली अद्ययावत झाली आणि पोर्टाचे नाव बदलले, तर मध्यरात्री फोन मला येईल, तुम्हाला नाही. ४जी मॉडेम घ्यावा, तो यूएसबीने थेट जोडावा आणि निर्धास्त व्हावे. तसेही हा मॉडेम ज्यावर चालतो ते २जी किती दिवस राहणार आहे? ३जीचे काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

भुईकोट

सात रस्ता यांचा वेळेचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु ३जीचे उदाहरण उलट माझ्या बाजूने बोलते. एअरटेलने ३जी बंद केले, पण २जी चालू ठेवले, कारण साधे फोन वापरणारे ग्राहक अजून त्यावर आहेत. जिओकडे २जी कधीच नव्हते, त्यामुळे जिओचे सिम या मॉडेममध्ये चालणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचे चालते. म्हणजे आज ३जीचा डोंगल निरुपयोगी होऊ शकतो आणि त्याच्याहून जुना असलेला हा मॉडेम काम करू शकतो. वस्तूचे वय पाहून तिच्या उपयोगाचा निर्णय करता येत नाही.

पोर्टाचे नाव बदलण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. ‘टीटीवाययूएसबी०’ या नावावर विसंबू नये. स्वस्त सीएच३४० कन्व्हर्टरना बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून कोणत्या यूएसबी खाचेत जोडला आहे त्यावरून मिळणारे ‘बाय-पाथ’मधील कायम नाव प्रोग्रॅममध्ये द्यावे आणि ती खाच रंग लावून राखून ठेवावी. नव्या ४जी मॉडेमलासुद्धा हीच काळजी घ्यावी लागते, कारण तोही एकाच वेळी अनेक पोर्टे तयार करतो आणि त्यांतले आज्ञांचे पोर्ट कोणते, हे शोधावेच लागते.

होटगी रोड

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. भुईकोट यांचा मॉडेम सुदैवी आहे, कारण त्याचे डोके त्याच्याच आत आहे. त्यावरून सर्व जुन्या मॉडेमबद्दल आशावादी होणे मला पटत नाही. २००० सालाच्या आगेमागे संगणकांत बसवलेले पीसीआय डायल-अप मॉडेम आठवा. त्यांतल्या बहुतेकांत फोनलाइनला जोडणारा भाग आणि सिग्नलचे रूपांतर करणारी छोटी चिप एवढेच असे. बाकी सगळे गणित संगणकाच्या प्रोसेसरवर, कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरमध्ये चाले. कोनेक्संटच्या अशा चिपांसाठी लिनक्सवर ड्रायव्हर मिळे, पण त्याच्या विनामूल्य आवृत्तीत वेग १४.४ किलोबिटवर रोखलेला असे. स्मार्ट लिंकच्या ड्रायव्हरचा काही भाग खुला होता, मात्र मुख्य भाग ३२-बिटची तयार फाइल म्हणूनच मिळे. कर्नल बदलला की कर्नलशी जोडणारा भाग पुन्हा बांधावा लागे, नाहीतर ‘मॉड्यूलचे स्वरूप अवैध’ असा संदेश येई.

माझा आक्षेप लिनक्सच्या धोरणावर आहे. कर्नलच्या आतील जोडण्या स्थिर ठेवण्याचे बंधन आम्ही पाळणार नाही, असे त्याच्या निर्मात्यांनी लेखी सांगितलेले आहे. त्याची किंमत जुनी वस्तू सांभाळणारा सामान्य माणूस मोजतो. कंपनी निघून गेली, ड्रायव्हर बाहेर राहिला आणि मॉडेम मेला. याला मुक्त प्रणालीचा विजय कसे म्हणायचे?

भुईकोट

त्या बंदिस्त मॉडेमसाठी मीही कोणाला रात्री जागवायला सांगणार नाही. टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ चालवून चिपचे नाव पाहावे, ती या जातीची निघाली तर कार्ड काढून ठेवावे. डायल-अपची किंवा फॅक्सची खरोखर गरज असेल, तर स्वतःचा नियंत्रक असलेला यूएसबी मॉडेम घ्यावा. यूएसरोबॉटिक्सचा ५६३७ हा मॉडेम कर्नलमधील ‘सीडीसी-एसीएम’ या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो.

धोरणाबद्दल मात्र मी ठामपणे असहमत आहे. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संग्रहात असेल, तर आतली जोडणी बदलणारा माणूसच तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. मारला जातो तो बंदिस्त राहिलेला ड्रायव्हर. याच्या उलट उदाहरण पाहा: प्रोलिफिकच्या पीएल२३०३ या जुन्या कन्व्हर्टर-चिपांना कंपनीच्याच नव्या विंडोज-ड्रायव्हरने नाकारले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा मजकूर दिसू लागला. तेच कन्व्हर्टर लिनक्सवर आजही चालतात. विंडोजच्या जोडण्या स्थिर होत्या, पण वस्तू जिवंत ठेवायची की नाही, हा निर्णय कंपनीच्या हाती होता.

पार्क चौक

मी दृष्टिहीन आहे आणि ब्रेल डिस्प्लेवर हा मजकूर वाचत आहे. चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण ‘ते पॅकेज काढले’ हे वाक्य मला खटकले. कारखान्यातील त्या एका संगणकावर ते योग्य असेल. परंतु असा उपाय वाचून लोक तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयातही करतात, आणि मग मी तिथे जाऊन माझे यंत्र जोडतो तेव्हा पडदा माझ्याशी बोलतच नाही. ही सेवा उबुंटूसोबत आधीपासून बसवलेली असते, कारण दृष्टिहीन माणसाला ती नंतर एकट्याने बसवणे फार कठीण असते. दोष सेवेचा नाही. चिप बनवणाऱ्याचा सर्वसाधारण क्रमांक वेगवेगळ्या यंत्रांनी तसाच वापरला, हा दोष आहे.

उपाय नेमका हवा. जोडलेले यंत्र ओळखून कोणाकडे सोपवायचे हे लिनक्समध्ये ‘यूडेव्ह’ ठरवते; ‘बीआरएलटीटीवाय’च्या यूडेव्ह नियमांची फाइल ‘ईटीसी’खालच्या यूडेव्ह नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने उतरवून घ्यावी आणि तिच्यातील १ए८६:७५२३ ही एकच नोंद निष्क्रिय करावी. ‘ईटीसी’मधील प्रत मूळ फाइलच्या वर चालते, त्यामुळे पॅकेज अद्ययावत झाले तरी बदल टिकतो आणि बाकीची सगळी ब्रेल यंत्रे ओळखली जातात.

भुईकोट

पार्क चौक, सार्वजनिक संगणकासाठी हाच मार्ग योग्य आहे आणि यापुढे विचारणाऱ्याला मी तोच सांगेन. एक जोड देतो: सीएच३४०ऐवजी एफटीडीआय या कंपनीची चिप असलेला कन्व्हर्टर घेतला, तर ओळख क्रमांकाचा हा विशिष्ट गोंधळ टळतो आणि त्याला सहसा स्वतःचा अनुक्रमांकही असतो.

सात रस्ता

नव्या कारखान्याला मी अजूनही ४जी मॉडेमच सुचवीन, आणि बॉयलरसाठी एसएमएसवर न विसंबता भोंगा वेगळा असलाच पाहिजे, यावर माझा आग्रह कायम आहे. मात्र जुनी जोडणी पाहायला गेलो, तर आधी कर्नलच्या नोंदी वाचेन आणि अॅडॉप्टरवर छापलेले अँपिअर पाहीन. याला फार वेळ लागत नाही, हे मला पटले आहे. भुईकोट, तुमच्याकडे मॉडेमची सेटिंग, बॉड रेट (सिरियल तारेवरचा वेग) आणि पोर्टाचे कायम नाव लिहून ठेवलेले असेल, तर तो कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी तिथे मी येईन किंवा दुसरा कोणी, त्याला सुरुवात तरी नीट करता येईल.