मोलिल्लाच्या डाकार्ना क्लबचा इतिहास नक्की कोणाचा?

धुरळा
स्पीडवे माहीत नसणाऱ्यांसाठी आधी दोन ओळी. ५०० सीसीची मोटारसायकल, गिअर एकच, ब्रेक नाहीतच. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार जण चार फेऱ्या मारतात, मिनिटभरात निकाल. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा. अशा पंधरा हीट्स म्हणजे एक सामना. स्वीडनमध्ये १९४८ पासून क्लबांची लीग चालू आहे.

स्मोलांड प्रांतातलं मोलिल्ला हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. १९४७ च्या जूनमध्ये तिथे ३८ अंश तापमान नोंदलं गेलं, स्वीडनचा उच्चांक (नागपूरकरांनी हसू नये). गावाची दुसरी ओळख म्हणजे डाकार्ना हा स्पीडवे क्लब. १९५७, ५८, ५९, ६१, ६२, म्हणजे सहा वर्षांत पाच वेळा लीग जिंकली. मग मोठा दुष्काळ आणि थेट २००७.

हे सगळं एकाच माळेत ओवणं मला पटत नाही. पहिली पाच अजिंक्यपदं ज्या संघाची, तो स्वीडिश पोरांचा होता. आताचे बडे रायडर शुक्रवारी-रविवारी पोलंडच्या लीगमध्ये असतात, मंगळवारी स्वीडनमध्ये. विमानातून उतरायचं, क्लबचं जॅकेट चढवायचं, सामना झाला की चालू पडायचं. मग क्लब म्हणजे उरलं काय, नुसतं जॅकेट?

आणि नाव कोणाचं लावलंय बघा. निल्स डाके हा १५४२ साली राजा गुस्ताव वासाविरुद्ध उठलेला स्मोलांडचा शेतकरी. त्याचं बंड मोडायला राजाने जर्मन भाडोत्री शिपाई आणले होते. आता डाकेच्या नावाचा क्लबच भाडोत्री आणतो!

कट्टेकरी
थोडक्यात आयपीएल. पुढचा धागा कुठला?

नाना लिन्शोपिंगकर
कट्टेकरी, आयपीएल अजिबात नाही. इथे मालक नावाचा प्राणीच नसतो. स्वीडनमध्ये क्रीडा क्लब ही सभासदांची संस्था असते. संघ चालवायला कंपनी काढली तरी मतांची बहुसंख्या सभासदांच्या हातात ठेवावी लागते, तसा नियमच आहे. उद्या कोणी धनाढ्य आला आणि म्हणाला, डाकार्ना उचलून स्टॉकहोमला नेतो, तर जमायचं नाही.

धुरळासाहेब, तुम्ही फक्त गाडीवर बसलेल्याकडे बघताय. जरा ट्रॅककडे बघा. हीट्सच्या मधल्या वेळात ट्रॅक्टर फिरतो, वळणांच्या बाहेरच्या कडेला साठलेली माती पुन्हा आत ओढतो, मागून पाण्याची गाडी. पाणी जास्त झालं तर चाकं रुततात, कमी पडलं तर धुळीत मागच्याला पुढचा दिसत नाही. हे करणारे बहुतेक गावातलेच, बिनपगारी. सॉसेज आणि कॉफी विकणारेही तेच. मोलिल्लात ग्रांप्रीच्या, म्हणजे वैयक्तिक विश्वविजेता ठरवणाऱ्या मालिकेच्या, फेऱ्या कितीतरी वेळा झाल्या, गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसं येतात. पोलंडचा मातशेय यानोव्स्की डाकार्नाकडून खेळला म्हणून ही मंडळी भाडोत्री झाली का? आपल्याकडे जत्रेच्या फडात पैलवान लांबून बोलावतात, म्हणून जत्रा परगावची होत नाही.

धुरळा
नाना, फडातला पैलवान "आमच्या गावाने केसरी मारला" असं म्हणवून घेत नाही. बक्षीस घेतो आणि जातो. मी तेच म्हणतोय.

एरंडेल
विषयांतर करतो, माफी असावी. या गाड्या मिथेनॉलवर चालतात आणि इंजिनात पूर्वापार एरंडेलापासून बनवलेलं ऑइल घालत. जुने प्रेक्षक त्या वासावर जीव टाकतात. लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या आपल्या पिढीला हे कधी कळायचं नाही. आणि हो, इंजिनांमधलं एक मोठं नाव जावा. पण ही चेक प्रजासत्ताकातल्या दिविशोवची, फोर-स्ट्रोक. म्हैसूरची जावा-येझदी टू-स्ट्रोक, तिचा इथे संबंध नाही.

सायडकार
मूळ धाग्यातला "स्वीडिश पोरं" हा भाग मला गोड स्वप्न वाटतो. ऊवे फुन्दिन घ्या. जन्म त्रानोसचा, म्हणजे स्मोलांडचाच. पाच वेळा विश्वविजेता: १९५६, ६०, ६१, ६३, ६७. आणि १९५५ ते ६४ तो इंग्लंडमध्ये नॉरिचकडून खेळत होता. नॉरिचवाल्यांनी त्याला परका मानलं असं कुठे दिसत नाही, उलट डोक्यावर घेतलं. म्हणजे ज्या काळासाठी तुम्ही उसासे टाकताय, त्याच काळात स्वीडनचा सगळ्यात मोठा रायडर दुसऱ्याच्या देशात "भाडोत्री" होता. तेव्हा चाललं, कारण जाणारे आपले होते!

दुसरं उदाहरण पेर युन्सनचं. स्टॉकहोमकडचा, १९९० चा विश्वविजेता. पोलंडमध्ये तोरुनकडून खेळायचा. १९९४ मध्ये तिथल्याच एका सामन्यात पडला आणि पाठीच्या कण्याला मार बसून कायमचा व्हीलचेअरवर आला. तोरुनचं आजचं स्टेडियम ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला त्याचं नाव दिलंय. आता त्याला सांगा, तू नुसतं जॅकेट होतास म्हणून.

धुरळा
युन्सनचं उदाहरण जबरदस्त आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. तो वर्षानुवर्षं एका संघासाठी झटला म्हणून रस्ता मिळाला. मी बोलतोय ते दर हिवाळ्यात नवा करार करणाऱ्यांबद्दल.

शिवाय निकाल बघा. तोनी रिकार्डसनने सहावं जगज्जेतेपद २००५ मध्ये घेतलं. त्यानंतर एकही स्वीडिश विश्वविजेता नाही. लीग जगातल्या उत्तम रायडरांनी भरली, घरची पोरं मात्र मागे पडली.

नाना लिन्शोपिंगकर
२०१५ चा सांघिक विश्वचषक सोयीस्कर विसरलात? तो स्वीडनने जिंकला. २०२३ ला फ्रेद्रिक लिन्दग्रेन जगात दुसरा आला.

धुरळा
लिन्दग्रेनचा जन्म १९८५ चा. त्याच्यामागे कोण, ते सांगा.

सायडकार
मागे कोणी का नाही याचं उत्तर पैशात आहे, पोलिश रायडरांत नाही. पोरगं ८० सीसीवर शिकतं तोवर आईबापांना झेपतं. ५०० वर आलं की दोन गाड्या, जास्तीची इंजिनं, एक मेकॅनिक, एक व्हॅन. तिथेच निम्मे गळतात.

धुरळा
म्हणून तर म्हणतो, बाहेरच्यांवर जाणारा पैसा तिकडे वळवा. संघात बहुसंख्य स्वीडिश हवेत असा नियम करा. डाकार्ना खालच्या गटात गेला तर गेला. नॉरशोपिंगचा वार्यार्ना (म्हणजे लांडगे) क्लब घ्या, त्याच्यामुळे रायडर उल्ले नीग्रेनला जन्मभर "लांडगा उल्ले" म्हणत राहिले. त्यांनीही दुसऱ्या गटात कित्येक वर्षं काढली. इतिहास पुसला गेला का?

नाना लिन्शोपिंगकर
वार्यार्नामागे जवळपास लाखभर वस्तीचं शहर आहे. आणि तुमच्या नियमाने होईल काय? चांगले स्वीडिश रायडर मोजकेच, त्यांचे भाव दुप्पट होतील आणि ते जातील मोठ्या शहरांकडे. मोलिल्लाला बाहेरचा रायडर परवडतो म्हणून मंगळवारी तिथे सामना तरी होतो. खालच्या गटात गेल्यावर प्रायोजक किती थांबतील आणि ट्रॅक्टरचं डिझेल कोण भरेल, तेवढा हिशेब मांडा, मग बोलू.