पोशाखाच्या पलीकडचा चिनी ऑपेरा

हल्ली असं म्हटलं जातं की चिनी ऑपेरा आता व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या झगमगीत पोशाखापुरता उरलाय. निम्मं मान्य. रंगवलेले चेहरे, लांब बाह्या, पाठीवरची निशाणं कुठेही चिकटवलेली दिसतात, आणि ते मलाही खटकतं. पण 'गेनशिन इम्पॅक्ट' या गेममधल्या युन जिन या ऑपेरा गाणाऱ्या पात्राचं चिनी गाणं शांघायच्या पेकिंग ऑपेरा मंडळातल्या यांग यांग या नटीने गायलंय, म्हणजे तिथे निदान आवाज तरी अस्सल आहे.

चीनमधल्या हांगचौ शहराचं उदाहरण मात्र या चर्चेत कुणी आणत नाही. माओ वेइताओ या युए ऑपेरातल्या (हा चिनी ऑपेराचाच एक प्रकार) ज्येष्ठ नटीच्या पुढाकाराने २०२३ मध्ये तिथे 'न्यू ड्रॅगन गेट इन' हे एका सरायीत घडणारं नाटक उभं राहिलं, १९९२ च्या मारामारीच्या सिनेमावरून. अख्खं छोटं नाट्यगृहच सराय केलंय. नट प्रेक्षकांच्या अगदी हाताशी वावरतात. युएमध्ये पुरुषांची कामंही बहुतेक बायकाच करतात. या नाटकात पुरुषाचं काम करणाऱ्या छन लिजुन या नटीने सहनटीला कवेत घेऊन गर्रकन फिरवल्याची काही सेकंदांची क्लिप त्या उन्हाळ्यात मोबाइलवर तुफान पसरली, आणि ऑपेराच्या वाटेला कधी न गेलेल्या तरुण मुली तिकिटांसाठी धडपडू लागल्या. त्या एका गिरकीत वर्षानुवर्षं घोटलेली पुरुषी चाल, नजर, कमरेचा तोल सगळं आहे. नुसता पोशाख चढवून ते येत नाही. क्लिप पाहून आलेल्यांना पुढे सलग बसून गाणं ऐकावं लागतं, आणि त्यातल्या कितीतरी जणी पुन्हा पुन्हा येतात.