डीस्पेस ७.६: प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणांतला मजकूर शोधात येत नाही

पानउलट: डीस्पेसवर (संस्थेचे प्रबंध, लेख साठवून शोधण्याचं सॉफ्टवेअर) सुमारे ४,००० प्रबंध चढवायचे आहेत, चाचणीसाठी ५० चढवले. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक यांवरून शोध नीट लागतो. पीडीएफच्या आतला मजकूर मात्र पहिल्या ४०-५० पानांपुरताच सापडतो, पुढचं काहीच नाही. सहा प्रबंधांचा तर एकही शब्द सापडत नाही. मीडिया फिल्टर (फाइलींतला मजकूर काढणारा) आणि इंडेक्स (शोधसूची) दोन्ही चालवले, लॉगमध्ये एरर नाही. ईप्रिंट्सकडे (असंच दुसरं सॉफ्टवेअर) वळावं का?

सोलरवाला: एवढ्यासाठी घर बदलू नका. मजकूर काढणारा फिल्टर मुळातच १,००,००० अक्षरांवर थांबतो, म्हणून एरर दिसत नाही. लोकल कॉन्फिग फाइलमध्ये 'टेक्स्टएक्स्ट्रॅक्टर' गटातली 'मॅक्स-चार्स' ही किंमत -१ करा, मर्यादा जाईल. मग मोठ्या फाइलींना मेमरी अपुरी पडू शकते. त्याच गटातलं 'यूज-टेम्प-फाइल' ट्रू ठेवा.

आता नेहमीची चूक: नुसता फिल्टर परत चालवला तर काहीच बदलत नाही. ज्या फाइलचा मजकूर आधी काढलेला आहे ती तो सोडून देतो. 'एफ' पर्याय देऊन सक्ती करा. आधी 'आय' पर्यायाने एकाच प्रबंधाचा हँडल (त्या नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) देऊन बघा, जमलं की सगळ्यांवर. शेवटी इंडेक्स-डिस्कव्हरी ही आज्ञा 'बी' पर्यायासह चालवा, शोधसूची नव्याने बनेल.

जुना टंक: ते सहा प्रबंध वेगळं प्रकरण असणार. पीडीएफ उघडा, एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर नुसतं स्कॅन आहे. निवडता आली पण चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर युनिकोडपूर्व फाँट, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारा जुना टंक. स्कॅनला ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करावं लागेल: ओसीआरमायपीडीएफ हे साधन वापरा, ते ज्यावर चालतं त्या टेसरॅक्टचा मराठी डेटा बसवून. खिचडीवाल्याला तेच, पण 'फोर्स-ओसीआर' लावून. नाहीतर पानावर मजकूर आहे असं समजून ते काम नाकारतं. सक्तीमध्ये प्रत्येक पानाचं चित्र होतं, फाइल फुगू शकते. मूळ प्रत जपून ठेवा. जोडाक्षरांत चुका राहतीलच, शोधापुरतं चालतं.

पानउलट: मर्यादा काढली, पुढची प्रकरणं सापडायला लागली. सहापैकी चार स्कॅन निघाले, दोन खिचडी. अजून न चढवलेल्या प्रबंधांचं ओसीआर चढवण्याआधी की नंतर?

मॅपफाइल: आधीच. नंतर केलं तर प्रत्येक नोंदीतली फाइल बदलत बसावं लागेल. चढवताना २००-३०० च्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीची मॅपफाइल (कोणत्या फोल्डरची कोणती नोंद झाली याची यादी) सांभाळा. तुकडी बिघडली तर तिच्यावरूनच सगळ्या नोंदी एकदम काढता येतात, अर्ध्यात अडकली तर कॅपिटल 'आर' पर्यायाने पुढे चालू करता येते. अडकण्याचं हमखास कारण: 'कंटेंट्स' फाइलमध्ये (प्रत्येक प्रबंधाच्या फाइलींच्या नावांची यादी) नावाच्या शेवटी छोट्या लिपीतलं 'पीडीएफ' आणि फोल्डरमधल्या फाइलच्या नावात कॅपिटल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला नाही. डब्लिन कोअरची एक्सएमएल (शीर्षक, लेखक वगैरे माहितीची फाइल) युटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

ईप्रिंट्समध्येही स्कॅनला ओसीआर चुकलं नसतं.