रक्तस्रावात स्टार्चची बाटली: बंदी रास्त की सरसकट?

भूलवाला
तालुक्याच्या गावी भूल देतो. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च म्हणजे रक्त कमी पडलं की शिरेतून देतात ते मोठ्या रेणूंचं द्रावण. त्यामुळे मूत्रपिंडं बिघडतात म्हणून 2013 मध्ये युरोपने सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) रुग्णांना ते मना केलं. तीव्र रक्तस्रावात नुसत्या सलाईनने भागत नसेल तर द्यायची मुभा मात्र ठेवली. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी ही बंधनं पाळली नाहीत, म्हणून 2022 मध्ये परवानाच स्थगित! चूक सेप्सिसमध्ये स्टार्च देणाऱ्यांची, दंड वाहत्या बाळंतिणीला. केपटाउनच्या फर्स्ट चाचणीत (2011, 109 जखमी) गोळी लागलेल्या, भोसकलेल्या रुग्णांत स्टार्च गटाची मूत्रपिंडं सलाईन गटापेक्षा बरी राहिली होती. यावर बोला.

मूत्रपिंडवाली
डॉक्टर, फर्स्ट अर्धीच सांगितलीत. त्याच चाचणीत मुका मार लागलेल्यांपैकी स्टार्चवाल्यांना रक्त जास्त लागलं. ते जास्त जखमी होते हे मान्य, पण स्टार्च रक्त गोठण्यात खोडा घालतं हेही खरं. आधीच वाहतंय, त्याला हे द्यायचं?
2012 चे आकडेही घ्या. सेप्सिसवरच्या सिक्स-एस चाचणीत डायलिसिस स्टार्चवर 22 टक्के, स्टार्चविना 16; आयसीयूतल्या चेस्ट चाचणीत 7 विरुद्ध 5.8.

भूलवाला
परत सेप्सिस आणि आयसीयू! आणि चेस्टमध्येच मूत्रपिंडाची 'इजा' स्टार्च गटात कमी होती, 34.6 विरुद्ध 38 टक्के. ते कुणी सांगत नाही.

मूत्रपिंडवाली
कारण त्या 'इजे'च्या व्याख्येत लघवीचं माप धरतात. स्टार्चवर सुरुवातीला लघवी छान होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) मात्र मागून चढतं. रेणू मूत्रनलिकांच्या पेशींत जाऊन बसतात, कातडीत बसले तर महिनोन्‌महिने खाज. तुम्ही रात्री बीपी 110 बघून रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवता. माझ्याकडे तो चौथ्या दिवशी येतो, लघवी आटलेला.

जुनाखोंड
स्टार्च निर्धोक असल्याचं आम्ही ज्यांच्या निबंधांत वाचलं, त्या जर्मनीच्या योआखिम बोल्ट यांचे निबंध 2011 पासून ढिगाने मागे घेतले गेले. 2013 मध्ये ते वगळून उरलेल्या चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तर मृत्यूही वाढलेले दिसले आणि मूत्रपिंड निकामी होणंही. मीही बाटल्या लटकवल्या आहेत, त्यामुळे फार बोलत नाही.

शंकासुर
मी डॉक्टर नाही. मग साधं सलाईन तरी बिनधोक का?

मूत्रपिंडवाली
पूर्ण नाही. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड लिटरला 154 मिलिमोल, रक्तात शंभरच्या आसपास. 2018 च्या स्मार्ट चाचणीत (15,802 रुग्ण) मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाची टिकून राहिलेली बिघाडी यांपैकी काहीतरी सलाईनवर 15.4 टक्क्यांत, संतुलित द्रावणांवर (ज्यांत क्लोराइड रक्ताच्या जवळपास असतं) 14.3 टक्क्यांत. 2022 च्या प्लस चाचणीत तो फरक दिसला नाही. मी आरएल (रिंगर लॅक्टेट, असंच एक संतुलित द्रावण) लावते. डोक्याला मार असेल तर मात्र सलाईनच.

भूलवाला
हे सगळं रक्त हाताशी असलेल्यांचं बोलणं. माझी रक्तपेढी 60 किलोमीटरवर आहे.

मूत्रपिंडवाली
म्हणूनच ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध) तीन तासांच्या आत द्या, गर्भाशय दाबून धरा, आत बलून टाका. बाटलीने बीपीचा आकडा वर येतो, वाहणं थांबत नाही. उलट भरमसाट पाणी ओतलंत तर उरलंसुरलं रक्तही पातळ होईल, मग ते आरएल असो की स्टार्च.

भूलवाला
ते सगळं करतोच. तरी बीपी 60 वर अडकतो आणि गाडी घाटात असते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 2021 मध्ये 'दुसरा पुरेसा पर्याय नसेल तरच' असं लिहिलं, दार लावून घेतलं नाही. माझ्या कपाटात दोन बाटल्या राहणार.

मूत्रपिंडवाली
ठेवा. दिलीत तर पाठवणीच्या चिठ्ठीवर किती मिली ते लिहा. दर वेळी नातेवाइकांना बाटलीचा रंग विचारत बसावं लागतं.