टीव्हीवर ग्लास्टनबरी बघताना बास जातो कुठे?

स्लाउकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण विचारतोच. २०२५ च्या जूनमध्ये ग्लास्टनबरी (इंग्लंडमध्ये शेतात भरणारा गाण्यांचा मोठा महोत्सव) बीबीसीवर बघत होतो, शनिवारी पिरॅमिड स्टेजवर यादीत ते 'पॅचवर्क' म्हणून नाव टाकलेलं होतं ना, तो निघाला पल्प बँड. १९९५ ला स्टोन रोझेस बँडच्या गिटारवाल्याची कॉलरबोन मोडली म्हणून यांना ऐनवेळी बोलावलं होतं आणि आता बरोबर ३० वर्षांनी परत, अंगावर काटाच आला. माझा मित्र तिथे मैदानात होता, तो म्हणे बास (खालचा जाड आवाज) छातीत धडधडत होता. आणि माझ्या टीव्हीत? डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं. २०१९ ला अदर स्टेजवर टेम इम्पाला बँड लागला होता तेव्हा तर अजून वाईट, आख्खा बँड पाण्याखाली वाजवतोय असं वाटत होतं. टीव्ही ४३ इंची आहे, साधा. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेऊ का बीबीसीवालेच असा आवाज देतात? आई सांगलीहून आलेली, मेथी निवडत शेजारी बसलेली, तो तंबूंचा समुद्र बघून म्हणाली "काय रे, पालखी इथंपण येते का?" (वारीचेच दिवस होते, चूक काय त्यात.)

ठाणेकर:
साउंडबार घे आणि मोकळा हो. पुढचा प्रश्न.

कन्सोलमागचा:
थांबा थांबा, एवढं सोपं नाहीये. पुण्यात लाइव्ह शोचा साउंड करतो, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे मैदानात जे ऐकू येतं ते टीव्हीला जातच नाही. स्टेजवरच्या प्रत्येक माइकची लाइन स्प्लिट होते. एक मैदानातल्या कन्सोलला (आवाज मिसळायचं टेबल), एक स्टेजवरच्या मॉनिटरला (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर), आणि एक बाहेर उभ्या ओबी व्हॅनमध्ये (टीव्हीवाल्यांची प्रक्षेपणाची गाडी), तिथे दुसराच माणूस बसून टीव्हीसाठी वेगळा मिक्स करतो. मैदानातल्याला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास सबमधून (जाड आवाजाचे मोठे स्पीकर) ढकलायचा असतो, गिटारचे अ‍ॅम्प तर स्टेजवरूनच थोडे ऐकू येतात म्हणून तो ते कमी ठेवतो. व्हॅनवाल्याला हे सगळं चालत नाही, त्याला माहितीये की ऐकणारा घरात बसून मेथी निवडतोय 🙂 म्हणून गाणाऱ्याचा आवाज पुढे, पब्लिकचे माइक वेगळे लावून टाळ्या-आरडाओरडा वरून सोडायचा. त्यात युरोपात टीव्हीच्या लाउडनेसचं माप ठरलेलंय, उणे २३ एलयूएफएस, म्हणजे बातम्या आणि पल्प साधारण एकाच उंचीवर.

आता तुमचा टीव्ही. पातळ टीव्हीचे स्पीकर बोटभर, तोंड खाली नाहीतर भिंतीकडे. १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे जाड आवाजाचं, जवळपास काही निघतच नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला, करा हिशोब.

आणि टेम इम्पालाचं पाण्याखाली का, ते वेगळं दुखणं. सायकेडेलिक (स्वप्नात असल्यासारखं वाटणारं संगीत) बँडचा निम्मा जीव फेझर, फ्लँजर, डिले (आवाज घुसळणारे, लांबवणारे इफेक्ट) आणि आवाज डावीउजवीकडे फिरवण्यात. टीव्हीचे दोन स्पीकर हातभर अंतरावर, तुम्ही आठ फुटांवर, स्टेरिओ जवळजवळ मोनोच (डावंउजवं एकच) झाला की! मोनोत त्यातले काही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. वर स्ट्रीमचा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) पडला की झांजांचं शूऽऽ होतं आणि फेझरबरोबर मिसळून बेसिनमधून पाणी गेल्यासारखं. चित्राचंही तेच, लेझर, धूर, कागदाचे तुकडे उडाले की चौकोन दिसायला लागतात.

तर साउंडबार आधी घेऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' (बोलणं ठळक करणारं) आणि व्हर्च्युअल सराउंड (आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास देणारं) दोन्ही बंद करा आणि बरे वायरवाले हेडफोन लावून बघा.

ठाणेकर:
बरं बाबा, मागे घेतो 😅

जुना_खोंड:
वरच्यांचं बरोबर आहे, त्याला एक जोड. १९९७ ला बीबीसीचं ग्लास्टनबरीचं पहिलंच वर्ष, त्याआधी चॅनल फोर दाखवायचं. गुडघाभर चिखल आणि रेडिओहेड बँड. त्यांचा गायक थॉम यॉर्कचा मॉनिटर मेला, त्याला स्वतःचंच ऐकू येईना, डोळ्यावर दिवे, समोरचं काही दिसेना, शेवटी म्हणाला दिवे पब्लिकवर टाका. आणि बघणारे म्हणतात आयुष्यातला सगळ्यात भारी शो! म्हणजे वाजवणारा, मैदानातला आणि टीव्हीवाला, तिघांनी तीन वेगळे कार्यक्रम ऐकले.

टीव्हीपायी उलटंही होतं. १९८९ ला व्हेनिसला पिंक फ्लॉइड बँडनं पाण्यावर तरंगत्या स्टेजवर वाजवलं, सेंट मार्क चौकासमोर, १५ जुलै, त्यांच्या रेदेन्तोरे सणाच्या दिवशी. दोनेक लाख माणसं. टीव्हीवर लाइव्ह होतं म्हणून ठरलेल्या वेळेत बसवायला गाणी कापावी लागली, आणि जुन्या इमारती हादरतील म्हणून आवाजावरही मर्यादा. घरच्यांनी छान बघितलं, गावात मात्र संडासाची सोय नाही आणि कचऱ्याचे ढीग, त्यावरून नगरपालिकेवाल्यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. मला विचाराल तर तो कार्यक्रम टीव्हीचाच होता, गावाचा नव्हता.

कन्सोलमागचा:
खोंडकाका, गाणी कापली ते एक वेळ समजू शकतो पण फ्लॉइडला आवाज कमी करा सांगणं म्हणजे पाप आहे.

स्लाउकर:
दादा, लय उपकार. क्लिअर व्हॉइस चालूच होतं, आईला मालिका ऐकू यावी म्हणून मीच लावलेलं 🤦 ते बंद करून हेडफोन लावले, टेम इम्पालाचा दुसरा एक शो लावला आणि ड्रमच्या मागे बास आहे हे पहिल्यांदा कळलं, साउंडबारचे पैसे वाचले. आता ग्लास्टनबरीच परत बघीन म्हटलं तर २०२६ ला नाहीच, रानाला विश्रांती. आईला सांगितलं की ते मूळ दुधाच्या गाईंचं शेत आहे म्हणून मधे एक वर्ष पडीक ठेवतात. तर म्हणाली "शहाणी माणसं दिसतात", आणि लगेच "मग ते क्लिअर व्हॉइस परत लाव, आठ वाजले."