मोठा साहेब कशाला हवा?
'प्रेमाच्या जाळ्यात ओढून गुपितं काढणं सिनेमातच, आणि तेही बड्या साहेबांकडून' असं कुणीतरी म्हटलंय. लांब कशाला, मे २०२५ मध्ये कळव्याच्या एका तरुण अभियंत्याला एटीएसने पकडलं. फेसबुकवरच्या ओळखीतून त्याने युद्धनौकांची माहिती पाकिस्तानी हस्तकांना दिली, असा आरोप आहे. साहेब कसला, खासगी कंपनीतला साधा नोकरदार!

मार्कुस वोल्फच्या पूर्व जर्मन हेरखात्यानेही बॉनमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीत, मंत्र्यांपेक्षा त्यांच्या सेक्रेटरींनाच गाठलं. एकटी बाई, प्रेमाचं नाटक करणारा देखणा हेर म्हणजे 'रोमिओ', घाई अजिबात नाही. काही प्रकरणं तर लग्नापर्यंत गेली. (चिकाटी मानली पाहिजे.)

इथे नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीत पुरवठादारांची कोटेशन उघडायच्या आठवड्यात परचेसच्या (खरेदी विभागातल्या) पोराला अनोळखी 'हाय' आलं, की दर काढायला कुणी गळ टाकलाय का हे विचारायला आम्ही आधी त्याला चहाला नेतो.