शपथेतले एक वाक्य आणि नवागतांची जबाबदारी

धागालेखक: आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी शेवटच्या दोन थेट बाहेरून येणाऱ्यांविषयी होत्या. नवागतांना मिळणाऱ्या माहितीत आदिवासींचा खरा इतिहास यावा, ही एक. नागरिकत्वाच्या शपथेत त्यांच्याशी झालेल्या करारांचा उल्लेख असावा, ही दुसरी. २०२१ मध्ये शपथ बदलली आणि राजनिष्ठेची ग्वाही देणाऱ्या नव्या नागरिकाच्या तोंडी आदिवासींचे हक्क मान्य करणाऱ्या संविधानाचा उल्लेखही आला. हे योग्यच झाले. ‘जमीन आम्ही कुठे बळकावली?’ हा नवागतांचा बचाव मला पटत नाही, कारण व्हँकूव्हर ज्या भूमीवर वसले आहे तिचा ताबा मूळ रहिवाशांनी कधीच सोडलेला नाही, हे तिथल्या नगरपरिषदेनेच २०१४ मध्ये मान्य केले आहे.

प्रतिसाद १: असहमत. १८८५ पासून चिनी लोकांकडून डोईपट्टी उकळणारे आणि १९२३ मध्ये त्यांना दारच बंद करणारे सरकार, आणि ते सोसणारी माणसे, यांना एकाच तागडीत कसे तोलणार? विनिपेगमध्ये, जिथे कॅनडातील शहरी आदिवासींची सर्वांत मोठी वस्ती आहे, स्वस्त भाड्याची खोली शोधताना निर्वासित आणि आदिवासी एकाच घरमालकाच्या पायऱ्या झिजवतात. त्यांतल्या एकाला दुसऱ्याचा देणेकरी ठरवल्याने भाडे घेणारा तेवढा नामानिराळा राहतो.

धागालेखक: सोसणे खरेच, पण ते तिथे संपत नाही. चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांना १९४७-४८ च्या सुमारास मताधिकार मिळाला. ‘इंडियन ॲक्ट’ या कॅनडातील आदिवासींविषयीच्या कायद्याखाली नोंद असलेल्या बहुतेक आदिवासींना मात्र आपला कायदेशीर दर्जा न गमावता मत देण्यासाठी १९६० पर्यंत थांबावे लागले. मागून आलेला रांगेत पुढे गेला. त्याचा दोष त्याच्याकडे नसेल, पण लाभ त्याच्याकडेच आहे.

प्रतिसाद २: तुम्ही दोघेही शब्दांवर अडला आहात. सभेच्या आरंभी ‘ही भूमी अमुक लोकांची’ असे कागदावरून भरभर वाचायचे आणि लगेच वाहनतळाच्या प्रश्नाकडे वळायचे, याला मी समेट म्हणत नाही. शपथही त्याच वळणाने जाईल.

प्रतिसाद १: मताधिकाराचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. घरमालकाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. शपथ घेऊन बाहेर पडणाऱ्याला आणि करारातल्या हक्कदाराला तीच ओल आलेली खोली दाखवली जात असेल, तर घरांच्या मागणीवर दोघांनी एकत्र सही करायला हवी; तिथे आधी कोण आले हे विचारण्याची गरज मला दिसत नाही.